फुकटातली दिल्ली

"लेडीज का गुलाबी, बच्चे का कुछ नहीं, ताऊ का दस," कंडक्टर म्हणाला. माझ्या हातात फुकटच्या गुलाबी तिकिटाचा कपटा देऊन तो आबांपुढे हात पसरून उभा राहिला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. पैसे माझ्या पर्समध्ये होते. मी दहाची नोट काढून दिली.

"म्हणजे तिघांत मीच महाग," आबा म्हणाले. "आधी सांगितलं असतं त साडी नेसून आलो असतो."

कंडक्टरला मराठी कळली नसावी, पण मागच्या सीटवरची बाई 'साडी' एवढं ऐकून हसली. आबा हसले म्हणून विपुलही टाळ्या पिटत हसला. मी हसले नाही. मी विपुलचे ओठ पाहत होते.

ही माझी चार वर्षांची सवय. विपुल जन्मला तेव्हा त्याच्या काळजाला बारीक छिद्र होतं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षांचा झाला की दिल्लीला मोठ्या इस्पितळात दाखवा. बुजलं नसेल तर पुढचं बघू. ती चार वर्षं मी त्याच्या ओठांचा आणि नखांचा रंग बघण्यात काढली. तो पळाला की मी मागे, तो रडला की कडेवर. इतिहासात एम.ए. केलेली बाई मी, पण घरात माझं काम पहाऱ्याचं.

आणि दोनच दिवसांपूर्वी, दिल्लीत पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर बघून फाइल मिटली होती. "बंद हो गया है. अब इसे दौड़ने दीजिए, मम्मीजी." मी तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं. आबांनी तिथल्या तिथे डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. त्या पोरगेल्या बाई ओशाळून उभ्याच राहिल्या.

परतीचं रिझर्व्हेशन तीन दिवसांनंतरचं. तपासण्यांना वेळ लागेल म्हणून निरंजननं, माझ्या नवऱ्यानं, तसं काढलं होतं. तो नेपानगरच्या कागद कारखान्यात कंत्राटावर. रजा मिळाली नाही म्हणून माझ्यासोबत सासरे आले होते. मी फोन करून विचारलं, तिकीट बदलू का?

"कशाला? धर्मशाळेची खोली आहेच ना," तो म्हणाला. "दिल्ली पाहून घ्या आता. परत कधी जाणार आपण? फक्त पैसे जपून. आणि आबांवर लक्ष ठेव जरा. विसरतात हल्ली."

विसरतात म्हणजे मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून बाहेर गेले होते. आणि एकदा शेजारच्या कौतिककाकांना देवराम या भलत्याच नावानं हाक मारली होती. एवढ्या दोनच गोष्टी. पण पहारा करणाऱ्या माणसाला दोन पुरतात.

मी इस्पितळाच्या फाइलमागे यादी केली. दिल्लीत फुकट काय काय आहे? लोदी बाग फुकट. गुरुद्वाऱ्यात जेवण फुकट. इंडिया गेट फुकट. सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. लाल किल्ला बाहेरून फुकट. यादी वाचून आबा म्हणाले, "हे त आपल्या बुरहानपुरापेक्षा सस्तं निघालं."

फिरण्याचा पहिला दिवस, म्हणजे आदला, खरंच मजेत गेला होता. लोदी बागेत हिरवळीवर ऊन पडलेलं होतं, फेब्रुवारीतलं, अंगाला हवंहवंसं. विपुल पळायला लागला. मी हात पुढे केला तोवर तो कबरींच्या घुमटाकडे निघून गेला होता आणि त्याच्या मागे पायजमा वर खोचून आबा. "पळ रे वाघा! डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पळ!" सदुसष्ट वर्षांचा माणूस. मी ओरडले, "आबा, हळू! त्याला दम लागेल!" आबांनी तिकडूनच हात हलवला. विपुल परत आला तेव्हा गाल लाल झाले होते आणि ओठ अगदी ओठांच्याच रंगाचे होते. मी त्याला मांडीवर घेऊन बघत बसले. आबा जवळ येऊन धापा टाकत म्हणाले, "झालं का पाहून? आता मले पाह्य, माहे ओठ निळे पडले का?"

गुरुद्वाऱ्यात जेवलो. विपुलनं दोन रोट्या खाल्ल्या. घरी त्यानं कधी एक संपवली नव्हती. जेवण झाल्यावर आबा दिसेनात. मी शोधायला धावले. पाहते तर भांडी घासणाऱ्यांच्या रांगेत बाह्या वर करून उभे. "फुकट खाणं मले पचत नही," म्हणाले.

आबा म्हणजे सुकलाल मुकादम. मूळचे फोपनार गावचे. विशीत बुरहानपुरात आले आणि केळी मंडीत ट्रक भरायच्या टोळीत लागले. अडतीस वर्षं तेच काम. घड वाहायचे, ट्रकमध्ये केळीची पानं अंथरायची, घडाला घड घासणार नाही असा बसवायचा. पुढे टोळीचे मुकादम झाले. दिल्लीला जाणारी गाडी आबांनी वरून हात फिरवल्याशिवाय सुटायची नाही. कारण रस्ता लांबचा, एक घड चुकीचा बसला तर आग्र्यापर्यंत निम्मा माल काळा. किती गाड्या भरल्या याचा हिशोब त्यांच्यापाशी नाही. पण दिल्ली त्यांनी पाहिली नव्हती. म्हणून आता बसच्या खिडकीतून पाहताना ते मागच्या बाईला सांगत होते, "बहनजी, ये पूरी दिल्ली ने मेरे हाथ का केला खाया है."

"अच्छा?" ती बाई म्हणाली. "तो ताऊजी, इतने महँगे क्यों देते हो?"

"हम तो सस्ता ही भेजते हैं. रास्ते में क्या होता है, राम जाने."

बसमधली चारदोन माणसं हसली. मला मात्र ते अनोळखी लोकांशी इतकं बोलतात याचीच धास्ती. त्या सकाळी धर्मशाळेतून निघताना मी त्यांचं पाकीट, आधार कार्ड आणि बटणांचा मोबाइल माझ्याकडे घेतला होता. "चांदणी चौकात खिसे कापतात," मी म्हटलं होतं. आबांनी सगळं मुकाट्यानं काढून दिलं, बंडीचा खिसा उलटा करून दाखवला. "घे. आता कापा म्हणा काय कापता त."

लाल किल्ल्याच्या दाराशी उतरलो. तिकीट काढायचं नाही असं माझं ठरलेलंच होतं. भिंतीच्या बाजूनं फिरायचं, फोटो काढायचे, परत. आबा मात्र सरळ दारावरच्या शिपायाकडे गेले.

"भैया, हम बुरहानपुर के. जिसने ये किला बनवाया, उसकी बेगम हमारे गाँव में गुजरी. हमारे यहाँ के मेहमान थे वो लोग."

शिपाई तरुण होता. गालात हसला. "फिर तो ताऊ, बादशाह से कहकर पास बनवा लो. नहीं तो टिकट लगेगा."

"बादशाह से मुलाकात हुई तो बोलूँगा," आबा म्हणाले आणि परत येऊन मला सांगू लागले, "चांगलं पोरगं आहे. पण कायद्याचं पक्कं."

आम्ही बाहेरूनच फिरलो. विपुलला फुगा हवा होता, मी नको म्हटलं. भोवरा हवा होता, तोही नको म्हटला. बर्फाचा गोळा तर नकोच नको. गुलाबी कापसाची मिठाई बघून तो रस्त्यातच बसला, तेव्हा मी त्याला उचलून चालू लागले. पैशांचं कारण अर्धंच खरं होतं. बाहेरचं काही त्याच्या पोटात जाऊ नये, हे उरलेलं अर्धं. आबा मागून येत होते. प्रत्येक वेळी त्यांचा हात बंडीच्या रिकाम्या खिशाकडे जायचा आणि परत यायचा. हे मी पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

दुपारी एकच्या सुमारास मला बायकांच्या मुतारीत जायचं होतं. रांग दारापासून बाहेर आलेली. विपुल झोपेला आलेला, ओढून न्यावं तर रडणार. तिथंच झाडाखाली सिमेंटचा बाक होता.

"आबा, दहा मिनिटं. इथून हलू नका."

"नही हलत."

"कोणी काही दिलं तर त्याला खाऊ द्यायचं नाही."

"रश्मीबेटा, जा तू. मी काय पहिल्यांदा पोरगं सांभाळून राह्यलो का?"

रांगेतून मी चारदा मान वळवून पाहिलं. चारही वेळा ते बाकावर होते. बाहेर आले तेव्हा बाकावर एक म्हातारं जोडपं शेंगा खात बसलं होतं.

आधी वाटलं, मी दुसऱ्या बाजूनं बाहेर आले. मग झाड ओळखलं. पळत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. आबांचा नंबर लावला. मोबाइल माझ्याच काखेतल्या पर्समध्ये वाजायला लागला. तो काढून बंद करायचं भानही मला राहिलं नाही. मी कानाला फोन लावून पळत होते आणि काखेत ती घंटी चालूच होती. फुगेवाल्याला विचारलं, "सफेद टोपीवाले बूढ़े, लाल स्वेटर का बच्चा?" त्यानं हनुवटीनं रस्त्यापलीकडे दाखवलं.

तिकडे माणसं जमली होती.

रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. घोळक्यात मधोमध केळ्यांची हातगाडी, आणि गाडीवाल्यानं आबांचं मनगट धरलेलं. विपुलच्या हातात अर्धं सोललेलं केळं, तोंड माखलेलं, आणि तो घसा ताणून रडत होता.

"बाप का माल है क्या?" गाडीवाला ओरडत होता. "हाथ डाला और खींच लिया! मेरी आँखों के सामने!"

"अरे, पका हुआ था," आबा सांगत होते. शांतपणे, समजावून सांगावं तसं. "बीच में एक पका था. निकाल दिया. तेरा ही भला किया, भैया."

माणसं हसली. "भला किया, सुनो!"

"पैसे निकाल."

आबांनी बंडीचा खिसा उलटा केला. सकाळी माझ्यासमोर केला होता तसाच. पण इथे तो रिकामा खिसा पाहून हसणं थांबलं. चष्मा लावलेला एक माणूस पुढे झाला. "ना पैसा, ना मोबाइल. बच्चा किसका है ये?"

"पोता है मेरा."

"बेटा, ये कौन हैं?" त्यानं विपुलला विचारलं. विपुल फक्त "मम्मी, मम्मी" म्हणून रडत राहिला.

"देखा? मम्मी को बुला रहा है. केला दिखाके ले जा रहा था बुड्ढा."

हे वाक्य एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं उचललं. आता ते केळ्याबद्दल बोलत नव्हते. एका पोरानं मोबाइल वर धरून शूटिंग चालू केलं. कोणीतरी मागून आबांच्या सदऱ्याची कॉलर पकडली, टोपी खाली पडली. मी असे व्हिडिओ पाहिले आहेत. तुम्हीही पाहिले असतील. पुढे काय होतं ते मला माहीत होतं, आणि मी अजून तीन माणसांच्या मागे होते.

"मेरा बच्चा है!" मी किंचाळले. माणसं बाजूला झाली. मी विपुलला उचललं. "ससुर हैं मेरे. छोड़िए उन्हें."

"तो चोरी क्यों करते हैं आपके ससुर?" गाडीवाल्यानं मनगट सोडलं नव्हतं. चष्मेवाला माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होता, मीही टोळीतलीच आहे की काय असं. आणि मी म्हणाले,

"माफ कर दीजिए भैया. इनका दिमाग ठीक नहीं है."

ते वाक्य मला त्या क्षणी सुचलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर ते दोन दिवस माझ्या तोंडात तयार होतं.

लगेच सगळं निवळलं. कॉलर सुटली. शूटिंग करणाऱ्या पोरानं मोबाइल खाली केला. चष्मेवाला "अरे, अरे" करत स्वतः वाकून टोपी उचलू लागला. बुरहानपुरातल्या माणसाला हिंदी कळत नाही असं कधी झालंय का? आबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि दोन्ही हात सैल सोडून उभे राहिले. डोकं फिरलेला माणूस जसा उभा राहील, तसे. मला साथ म्हणून.

गाडीवाला आता मऊ आवाजात बोलत होता. पैसे नको म्हणाला. मी दहाची नोट गाडीवर ठेवली. "बहनजी, अकेला मत छोड़ा करो इनको," तो म्हणाला. "आजकल ज़माना खराब है." चष्मेवाल्यानं टोपी माझ्या हातात दिली. आबांच्या हातात नाही, माझ्या.

बसमध्ये मी खिडकीकडे बसले, विपुल मांडीवर झोपलेला. आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती, घातली नव्हती. तिची धूळ झटकत ते म्हणाले, "पिकेल होतं ते."

मला काय ते कळलं. आमच्याकडच्या कोणालाही कळेल. दिल्लीला जाणारा माल हिरवा कच्चा भरतात. घडात एखादंच केळं पिवळं पडलेलं निघालं तर ते तसंच जाऊ द्यायचं नसतं. ते सोबतच्यांना पिकवतं, आणि गाडी दिल्लीला पोचेपर्यंत सगळा माल मऊ. म्हणून भरणारा माणूस चालता चालता ते तोडून काढतो आणि जो पोरगा समोर दिसेल त्याच्या हातात देतो. त्याचे पैसे कोणी मागत नाही. मागितले तर मंडीत हसतील. मी स्वतः लहानपणी अशी कितीतरी केळी खाल्ली आहेत, कोणाची ते न विचारता. त्या गाडीवर वरच्या फणीत एक केळं पिकून तडकलं असणार, बाकीची अजून घट्ट होती. अडतीस वर्षांच्या हातानं ते काढलं. समोर पोरगं होतंच, सकाळपासून 'नको'च ऐकत आलेलं.

"तुम्ही बाकावरून उठलात कशाला पण?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

"त्याले भूक लागली म्हणे." मग म्हणाले, "पलीकडूनच बाक दिसत होता. तू आली असती त दिसली असती."

शेवटच्या दिवशी यादीतलं उरलेलं पाहिलं. इंडिया गेटच्या हिरवळीवर किती माणसं, किती पोरं. एका बाईनं आपल्या डब्यातला पराठा विपुलला दिला आणि मी तो खाऊ दिला. तो पोरांच्या मागे लांबपर्यंत पळत गेला. मी बसून राहिले. पहिल्यांदाच मी उठले नाही.

"आबा, जा ना त्याच्यासोबत," मी म्हटलं.

"नको. तू जा. मी बसतो बॅगपाशी."

मी जिथं बसवलं होतं तिथंच ते बसले होते. पाणी प्यायची वेळ आली तेव्हा बाटली त्यांच्याच बाजूला होती, तरी हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "घेऊ का?" येणाऱ्याजाणाऱ्यांशी एक शब्द बोलले नाहीत. शेजारी एक सरदारजी येऊन बसले, "कहाँ से आए हो बाऊजी?" असं त्यांनी हौसेनं विचारलं, तर आबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मी दिलं.

मी त्यांचं पाकीट आणि मोबाइल परत दिला. "राहू दे तुझ्याजवळच," म्हणाले. मी सगळं बळेच त्यांच्या खिशात घातलं.

परतीच्या गाडीत रात्री, विपुल वरच्या बर्थवर झोपल्यावर, मी एकदाची सुरुवात केली. "आबा, मी तिथं तसं बोलले ते... त्या लोकांनी मारलं असतं तुम्हाला. दुसरं काही सुचलंच नाही मला."

"बराबर बोलली तू," आबा म्हणाले. "सुटलो ना आपण."

"पण ते खरं नाही."

खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, तरी ते बाहेरच पाहत होते. "निरंजन म्हणे काय तुले? माह्याबद्दल?"

मी उठून विपुलचं पांघरूण सारखं केलं. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तेवढ्या वेळात बोलता आलं असतं.

"दुधाचं त मले माहीत आहे," ते म्हणाले. "माह्याच हातून झालं. अजून काही असलं त सांगत जा, बेटा. माणसाले स्वतःचं कळत नही." आणि मग, माझ्या अंगावर शाल ओढून देत, "झोप. तू तीन दिवस झाले झोपली नही. मी जागाच आहे." जरा वेळानं परत: "का तूच जागी राहते? तुले तसं बरं वाटत असल त तसं."

बुरहानपूरला दुपारी उतरलो. आमच्या सिंधीपुऱ्यात रिक्षा वळली तसे ओट्यावरून कौतिककाका उठले. "आला रे मुकादम! पाहिली का दिल्ली?"

"पाहिली. सूनबाईनं पूर्ण दाखवली. फुकटात!"

"आन् पोराचं?"

"एकदम बढिया. पळू द्या म्हणे डॉक्टरीण." हे सांगताना आबांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला.

"केळं खाल्लं का मग तिथं आपलं?"

मी रिक्षातून बॅग काढत होते. हात तिथेच थांबले.

"नातवानं खाल्लं," आबा म्हणाले. "चांगलं होतं."

निरंजनला मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "बरं झालं तुला सुचलं." मंडीत मात्र कोणाला काही कळलं नाही. आबांनी सगळ्यांना शिपायाची आणि बादशहाची गोष्ट सांगितली, गुलाबी तिकिटाची सांगितली. जुन्या टोळीतल्या लोटूभाऊंना तर साडीचा किस्सा इतका आवडला की ते तो परत परत सांगायला लावतात. त्या गोष्टींत लाल किल्ल्यानंतर थेट इंडिया गेट येतं.

आल्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. ऊन कलल्यावर मी भाकरी करत होते. या वेळी आबा विपुलला घेऊन फिरायला जातात. जातात म्हणजे पोराला खांद्यावर टाकून निघायचे आणि गल्लीच्या टोकावरून ओरडून सांगायचे, "नेलं बरं का व!" मग मी पिठाच्या हातानं धावत दारापर्यंत, "आबा, स्वेटर! आबा, पाणी!" तोवर ते दिसेनासे झालेले असायचे. यावरून मी किती वेळा निरंजनकडे कुरकुर केली असेल.

त्या दिवशी बराच वेळ ओरडणं ऐकू आलं नाही म्हणून मी मागे पाहिलं. आबा उंबऱ्याच्या आत उभे होते. चपला घातलेल्या. विपुल त्यांचं बोट धरून बाहेर ओढत होता. कधीपासून उभे होते कोण जाणे. मला हाक मारली नव्हती. मी बघेन याची वाट पाहत होते.

"जा ना आबा," मी म्हटलं. "मंडीपर्यंत जाऊन या. पळू द्या त्याला."

"व्हय," ते म्हणाले.

मी दारात येऊन उभी राहिले. विपुल सुटलाच. पहिल्या विजेच्या खांबापर्यंत पळत गेला आणि पुढे वळणार, तोच आबांनी हाक मारली, "बस रे विपू, बस. इथून पुढं मम्मी दिसत नही." ते खांबाशी पोचले, पोराचा हात धरला आणि वळून मी दारात आहे का ते पाहिलं.

मी आत आले. दार लावून घेतलं, म्हणजे तरी ते पुढे जातील. तव्यावरची भाकरी उलटली. ती करपेपर्यंत थांबले आणि मग फटीतून पाहिलं.

विपुल पुढे ओढत होता. आबा खांबापाशीच उभे होते, बंद दाराकडे बघत, ते उघडायची वाट पाहत.